न चाललेला खटला : मराठवाडा, १९४८

आमच्या कॉलेजात आंतरराष्ट्रीय कायद्याचा पेपर शेवटच्या वर्षाला असतो. मुलं तो पाठ करून सुटतात आणि तालुका कोर्टात जामिनाच्या अर्जांना लागतात. गंभीर गुन्ह्यांसाठी जगाचं एक न्यायालय हवं की नको, हा प्रश्न परीक्षेत हमखास येतो. उत्तरही ठरलेलं असतं : अर्धं पान फायदे, अर्धं पान तोटे, शेवटी ‘तथापि’. अशी साठ-सत्तर उत्तरं तपासली की वाटायला लागतं, हा प्रश्न यांच्या अंगाला लागलेलाच नाही. म्हणून एका वर्षी मी वर्गाला एकच प्रकरण दिलं, तेही घरचं. रोमचा कायदा, म्हणजे हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा कायदा, हातात घ्या आणि तो १९४८ च्या मराठवाड्याला लावून बघा, एवढंच सांगितलं. महिनाभर आम्ही दुसरं काही केलं नाही. त्याची ही हकीकत सविस्तर लिहिते आहे, कारण त्या महिन्यात माझं स्वतःचं मत पक्कं झालं.

प्रकरण

मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच जिल्हे. लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात, मोठी व्यापारपेठ. देश १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला, आम्ही झालो नाही. कासिम रझवी लातुरात वकिली करायचा. तो इत्तेहादुल मुसलमीन या संस्थानातल्या मुसलमानांच्या राजकीय संघटनेचा अध्यक्ष झाला आणि रझाकार ही त्याची सशस्त्र संघटना बनली. नांदेड जिल्ह्यातले स्वातंत्र्यसैनिक गोविंदराव पानसरे १९४६ मध्येच मारले गेले होते. मे १९४८ मध्ये गोरटा गावात कत्तल झाली. ते गाव आज कर्नाटकात, बिदर जिल्ह्यात आहे, पण आमच्याकडच्या जुन्या माणसांना ते परमुलखातलं वाटत नाही. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान यांना रस्त्यात गाठून मारलं, कारण संस्थानाने भारतात यावं असं ते लिहीत होते. रझाकारांचे बळी एकाच धर्माचे नव्हते, हे आमच्याकडे फार कमी लोक लक्षात ठेवतात.

माझं आजोळ औसा तालुक्यातलं. आजीच्या तोंडी ‘रझाकारी’ हा शब्द दुष्काळासारखा यायचा : रझाकारीच्या आदल्या साली, रझाकारीनंतर दोन वर्षांनी. एका रात्री गाडी जुंपून सगळे बार्शीला निघाले तेव्हा बैलांच्या गळ्यातली घुंगरं काढून चिंधीत बांधली होती, आवाज होऊ नये म्हणून. तांब्या-पितळेची भांडी आडात टाकली होती. परत आल्यावर गळ टाकून ती काढली, तर एका घागरीचा काठ आतल्या दगडावर आपटून चेपला होता. ती घागर आज माझ्याकडे आहे. काठोकाठ भरली की चेपल्या जागेतून पाणी सांडतं.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य सोलापूरच्या बाजूने आत आलं. नळदुर्ग पहिल्याच दिवशी हाती आलं आणि १७ तारखेला सगळं संपलं. त्या दिवसाचा आनंद खरा होता आणि आजही आहे. दर वर्षी १७ सप्टेंबरच्या झेंडावंदनाला मी जाते, आणि मनापासून जाते.

पण प्रकरण १७ तारखेला संपत नाही. पुढच्या काही आठवड्यांत संस्थानातल्या मुसलमान वस्त्यांवर जे गुजरलं, ते पाहायला पंतप्रधान नेहरूंनी एक सदिच्छा मंडळ पाठवलं : पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री. हे लोक २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ संस्थानात होते. सोळापैकी नऊ जिल्हे फिरले. जिथे जाता आलं नाही अशा १०९ गावांतल्या पाचशेहून जास्त माणसांशी बोलले. पोलीस कारवाईच्या, म्हणजे सैन्याच्या त्या मोहिमेच्या, काळात आणि त्यानंतर संस्थानभरात किमान २७ ते ४० हजार माणसं मारली गेली, असा त्यांचा अंदाज. सर्वांत जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत दोन आपले : उस्मानाबाद आणि नांदेड. औरंगाबाद आणि बीड त्यांच्या मागोमाग. लातूरबद्दल अहवाल म्हणतो की तिथे वीसहून जास्त दिवस हत्या चालू होत्या, दहा हजारांच्या आसपास मुसलमान वस्तीतले जेमतेम तीन हजार उरले होते, हजाराहून जास्त मारले गेले आणि बाकीचे जीव घेऊन पळाले. काही ठिकाणी सैन्यातले आणि स्थानिक पोलिसांतले लोक लुटीत सामील होते, याचा निर्विवाद पुरावा आपल्याकडे आहे, असंही मंडळाने लिहून ठेवलं.

सरकारने हा अहवाल प्रसिद्ध केला नाही. त्यातले भाग पुढे छापून आले, पण दिल्लीत नेहरू स्मारक ग्रंथालयात तो वाचायला मिळू लागला तो २०१३ च्या सुमारास. म्हणजे पासष्ट वर्षांनी.

त्याच महिन्यात जगात काय चाललं होतं

हे मी फळ्यावर दोन रकान्यांत लिहिलं तेव्हा वर्ग पहिल्यांदा गप्प झाला. नोव्हेंबर १९४८ मध्ये टोकियोच्या युद्धगुन्हे न्यायाधिकरणाने निकाल दिला. त्यात आपले न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांनी एकट्याने सगळ्या आरोपींना निर्दोष ठरवणारं भिन्न मत लिहिलं. जिंकणाऱ्याने हरणाऱ्याचा न्याय करायचा हे त्यांना मान्य नव्हतं. आणि ९ डिसेंबर १९४८ ला पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने वंशसंहाराविरुद्धचा करार मंजूर केला. त्याच्या सहाव्या कलमात लिहिलं आहे की असा खटला एक तर त्या देशाच्या न्यायालयात चालेल, नाहीतर आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात. ते न्यायालय तेव्हा कुठेच नव्हतं. आणि ज्या दिवशी पॅरिसमध्ये हात वर झाले, त्या दिवशी सुंदरलालांचं मंडळ हैदराबाद संस्थानातच फिरत होतं.

कलमातलं ते न्यायालय उभं राहायला पन्नास वर्षं गेली. १७ जुलै १९९८ ला रोममध्ये १२० देशांनी बाजूने मत दिलं, ७ देशांनी विरोधात, २१ तटस्थ राहिले. तटस्थांत भारत होता. १ जुलै २००२ पासून हेगचं आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय सुरू झालं.

कायदा लावून पाहिला

पहिल्याच तासाला मागच्या बाकावरचा एक जण उठला, ‘मॅडम, केस डिसमिस. १ जुलै २००२ च्या आधीचा गुन्हा हे कोर्ट घेतच नाही.’ बरोबर होतं. भारत सदस्य नाही, हेही बरोबर. म्हटलं, दोन्ही दारं उघडी आहेत असं समजून पुढे चला.

रझाकारांचा भाग सोपा निघाला. नागरिकांवर व्यापक किंवा पद्धतशीर हल्ला, आणि त्यामागे एखाद्या राज्याचं किंवा संघटनेचं धोरण, अशी मानवतेविरुद्धच्या गुन्ह्याची अट आहे. संघटना होती, नेता होता, गावागावांतून वसुली होती. मुलांनी एका दिवसात हे बसवलं.

मग आलं पूरकतेचं तत्त्व. हेगचं न्यायालय आधी दार ठोठावत नाही. देशाने स्वतः खरोखर तपास केला, खटला चालवला तर ते बाजूला राहतं. देशाची इच्छा नसेल किंवा कुवत नसेल तरच पुढे येतं. रझवीवर खटला तर चालला होता. शेवटी टिकली ती बीबीनगरच्या दरोड्याच्या खटल्यातली सात वर्षांची शिक्षा. १९५७ मध्ये सुटून तो पाकिस्तानात गेला. हजारो घरं उठवणाऱ्या माणसाचा हिशेब एका दरोड्यावर मिटला. हे ‘खटला चालवला’ यात धरायचं का?

यावर हेगच्या निकालांत धागे सापडतात. लिबियाच्या गुप्तचर खात्याचा माजी प्रमुख अल-सेनुसी याच्या बाबतीत न्यायालय म्हणालं, देशाने साध्या फौजदारी कलमांखाली खटला चालवला तरी हरकत नाही, मात्र तो त्याच कृत्यांबद्दल हवा. आयव्हरी कोस्टच्या माजी अध्यक्षांच्या पत्नी सिमोन ग्बाग्बो यांच्या बाबतीत २०१५ मध्ये उलट झालं : देशात चाललेली प्रकरणं वेगळ्याच कृत्यांबद्दल आहेत, म्हणून हेगचा अधिकार शाबूत. माझ्या मते रझवीचं प्रकरण दुसऱ्या बाजूला पडतं. बीबीनगरचा दरोडा हा त्याच्या वर्षभराच्या मोहिमेतला एक तुकडा होता. निजामाचं तर नावच निघालं नाही. २६ जानेवारी १९५० ला तो हैदराबाद राज्याचा राजप्रमुख, म्हणजे राज्यपालाच्या जागी असलेला घटनात्मक प्रमुख, झाला. पदामुळे कुणाला सूट नाही असं रोमच्या कायद्याचं २७ वं कलम सांगतं, ते वाचताना एका मुलीने वहीच्या कडेला ‘राजप्रमुख’ असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या.

दुसऱ्या भागावर वर्ग अडला, आणि इथेच आम्ही सगळ्यात जास्त दिवस घालवले. सप्टेंबरनंतरच्या हत्यांमागे कुणाचं धोरण होतं? जमाव होते, जुने हिशेब होते, बाहेरून आलेल्या टोळ्या होत्या, सावकारी होती, जमिनी होत्या. ‘धोरण’ सिद्ध करणं अवघड आहे, हे मी आजही मानते. पण २८ वं कलम वेगळं विचारतं : ज्याच्या हाताखाली माणसं होती त्याला कळलं होतं का, किंवा कळायला हवं होतं का, आणि कळल्यावर त्याने थांबवलं का, शिक्षेसाठी प्रकरण पुढे पाठवलं का? डिसेंबर १९४८ नंतर ‘माहीत नव्हतं’ म्हणायला जागा उरत नाही. माहिती लेखी होती, टेबलावर होती.

इथे दोन दिवस वर्गात कुणी कुणाशी नीट बोललं नाही. ज्याच्या पणजोबांना रझाकारांनी मारलं होतं असा एक मुलगा म्हणाला, ‘आधी कुणी केलं ते तरी विचारा.’ त्याचा राग मला परका नव्हता. घागर माझ्याही घरात आहे. पण त्याला मी सांगितलं ते असं : या कायद्यात ‘आधी कुणी केलं’ हा बचाव नाही. त्याच्या पणजोबांविरुद्ध झालेला गुन्हा पूर्ण गुन्हा आहे, त्याला दुसऱ्या गुन्ह्याने वजावट नाही. म्हणूनच दुसऱ्यालाही वजावट नाही. तो लगेच मानला नाही. आठवडाभर मागे बसला.

मागाचा खड्डा

वर्गात एक मोमीन, म्हणजे मुसलमान विणकर समाजातली, मुलगी होती. तिच्या घरी या विषयावर बोलत नाहीत. ‘ॲक्शन’ एवढा एक शब्द आहे, तो आला की मोठी माणसं उठून जातात. अहवालात तिला एक ओळ सापडली होती की काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवलं. तिने विचारलं, हे आपल्याकडचं असेल का? आम्ही तिघी-चौघी एका रविवारी तिच्या पणजीच्या माहेरच्या गावी गेलो. साळ्यांच्या, म्हणजे हिंदू विणकरांच्या, गल्लीत नव्वदीच्या घरातले एक आजोबा होते. घरात माग आता नाही, पण जमिनीत खड्डा आहे. विणकर त्यात पाय सोडून बसायचा. त्यावर फळ्या टाकून धान्याची पोती ठेवली होती. आजोबांनी पोती सरकवायला लावली.

‘हितं चार माणसं हुती लेकी,’ ते म्हणाले. ‘मोमिनाची. वर ताणा तसाच लावलेला ठिवला आन् माय दिसभर मागावर बसायची. मी धा-अकरा वर्साचा. खाली हात घालून पाणी द्याचो.’

मुलीने खड्ड्यात उतरून पाहिलं. बसल्यावर तिचं डोकं जमिनीच्या वर येत होतं. चार माणसं आत मावण्यासाठी आडवी निजली असणार. तिने फोनची पट्टी वापरून लांबी-रुंदी मोजली आणि वहीत लिहिली. मी म्हणाले, हे कशाला? ती म्हणाली, ‘जागेचा पंचनामा, मॅडम.’

परत निघताना आजोबांनी विचारलं, हे लिवून कुठं देणार? मी काही तरी सांगितलं, पण त्या प्रश्नाला माझ्याकडे खरं उत्तर नव्हतं. पोलीस ठाण्यात देता येत नाही. मंडळाच्या लोकांनी दिल्लीला दिलं होतं, ते कपाटात गेलं.

आक्षेप

हेगच्या न्यायालयाविरुद्ध जे बोललं जातं त्यातलं बरंचसं खरं आहे. त्याला पोलीस नाहीत. सुदानचे तेव्हाचे अध्यक्ष ओमर अल-बशीर यांच्यावर २००९ पासून वॉरंट होतं, तरी ऑक्टोबर २०१५ मध्ये ते भारत-आफ्रिका शिखर परिषदेला दिल्लीत येऊन गेले. भारत सदस्य नसल्याने त्यांना पकडण्याची सक्ती आपल्यावर नव्हती. पण २०२४ मध्ये तसंच वॉरंट असलेले रशियाचे पुतिन मंगोलियाला गेले, आणि मंगोलिया सदस्य आहे. तिथेही काही झालं नाही. युद्धगुन्हे, मानवतेविरुद्धचे गुन्हे अशा मूळ गुन्ह्यांसाठी आजवर ज्यांना शिक्षा झाली ते सगळे आफ्रिकेतले. अमेरिकेने २०२५ मध्ये त्या न्यायालयाच्या न्यायाधीशांवरच निर्बंध घातले.

भारताने रोममध्ये जे आक्षेप घेतले त्यांतला सुरक्षा परिषदेबद्दलचा मला पूर्ण पटतो. परिषद सदस्य नसलेल्या देशाचंही प्रकरण हेगकडे पाठवू शकते. तिच्या पाच कायम सदस्यांपैकी अमेरिका, रशिया आणि चीन स्वतः त्या न्यायालयाचे सदस्य नाहीत. सुदानमधल्या दारफुरचं प्रकरण २००५ मध्ये पाठवलं गेलं, लिबिया २०११ मध्ये. सीरियाचं प्रकरण २०१४ मध्ये रशिया आणि चीनने अडवलं. ज्याला स्वतःला तो कायदा लागू नाही त्याने दुसऱ्याला तिथे पाठवायचं, हे न्यायाच्या साध्या समजुतीत बसत नाही. अण्वस्त्रं आणि दहशतवाद हेही आपले आक्षेप होते.

राधाबिनोद पाल यांची शंका मात्र मला उलट दिशेला घेऊन गेली. न्युरेंबर्ग आणि टोकियो ही न्यायालयं दुसरं महायुद्ध जिंकल्यावर उभी केली गेली. जिंकणाऱ्याचा न्याय नको असेल तर न्यायालय आधीपासून, कायमचं आणि कुणाच्याही जयापराजयाच्या बाहेर असायला हवं. १९४८ ला आपल्याकडे नेमकं हेच झालं होतं : जिंकलेल्याने हरलेल्याचा खटला चालवला आणि स्वतःच्या बाजूचा कागद कपाटात ठेवला. हे आपण वाईट लोक होतो म्हणून झालं नाही. नवं राष्ट्र होतं, फाळणी ताजी होती, काश्मीरमध्ये लढाई चालू होती. त्या घटकेला कुठल्याही सरकारने तेच केलं असतं, आणि म्हणूनच ती फाईल बंद करण्याची किल्ली एकट्या सरकारच्या हातात असू नये असं मला वाटतं.

दार उशिरा का होईना उघडतं, याचं एक उदाहरण मुलांनीच मला आणून दाखवलं. फिलिपिन्सचे तेव्हाचे अध्यक्ष रॉड्रिगो दुतेर्ते यांनी देशाला न्यायालयातून बाहेर काढलं. २०१९ मध्ये ते लागू झालं. तरी सदस्य असतानाच्या काळातले गुन्हे अधिकारात राहिले, आणि मार्च २०२५ मध्ये मनिलाच्या विमानतळावर त्यांना अटक होऊन ते हेगला पोचले. त्यांना पकडून दिलं ते त्यांच्याच देशाच्या पोलिसांनी.

घरचं दार

हेगच्या आधी आपलं दार आहे, आणि ते आजही बसवलेलं नाही. आपण वंशसंहाराविरुद्धचा करार १९५९ मध्ये मान्य केला. १ जुलै २०२४ पासून नवी भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यात वंशसंहार हा गुन्हा नाही, मानवतेविरुद्धचा गुन्हाही नाही. खून आहे, दंगल आहे, दरोडा आहे. १७ डिसेंबर २०१८ ला १९८४ च्या शीख हत्याकांडातल्या सज्जनकुमार प्रकरणी निकाल देताना दिल्ली उच्च न्यायालयाने ही उणीव स्पष्ट शब्दांत दाखवली होती आणि ती लवकर भरून काढायला हवी असं म्हटलं होतं. संहिता नव्याने लिहिताना ती संधी होती. ती गेली याचं मला मनापासून वाईट वाटतं. रोमचा करार सही करायचा की नाही यावर वाद घालायला हरकत नाही, पण हे कलम आपल्या संहितेत घालायला कुणाची परवानगी लागत नाही. ते असेल आणि खटले खरोखर चालले, तर हेगला आपल्याकडे पाहायचं कारणच उरत नाही. पूरकतेचा अर्थच तो.

आरोपपत्र

महिन्याच्या शेवटी वर्गाने एक आरोपपत्र तयार केलं. रझाकारांचे गुन्हे आणि नंतरचे गुन्हे दोन वेगळ्या कागदांवर घ्यायचे की एकाच, यावर मतदान झालं आणि एक कागद ठरला. क्रम कसा लावायचा यावर पुन्हा भांडण. शेवटी तारखेप्रमाणे लावला. मागे बसलेला मुलगा पुढे येऊन अक्षर चांगलं म्हणून लिहायला बसला. पंचनाम्याच्या जागी मागाच्या खड्ड्याची लांबी-रुंदी आली, त्याच्याच अक्षरात.

वरचा रकाना त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवला होता. आपल्याकडे फौजदारी खटल्यात फिर्यादी सरकार असतं. ‘महाराष्ट्र शासन विरुद्ध’ हे मुलं झोपेतही लिहितात. त्याने पेन थांबवलं. ‘मॅडम, इथं सरकार तर्फे कसं लिहू? दुसऱ्या आरोपात सरकारच्या माणसांची नावं येतायत.’ हेगच्या खटल्यांत त्या जागी ‘अभियोक्ता विरुद्ध’ असं असतं, कुठल्याही देशाचं नाव नसतं, हे त्या दिवशी मला त्यांना वेगळं शिकवावं लागलं नाही. मोमीन मुलीने वही उघडून कलम दाखवलं. त्याने ते वाचलं, आणि लिहिलं.